आधी नवगाव, मग जेरुसलेम

ताई, तुमच्या प्रश्नाचा मजकूर थोडक्यात असा. तुम्ही ठाण्यात राहता, मुलगी 16 वर्षांची, अकरावीत. डिसेंबरात आपल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, समाजातल्या 18 मुलामुलींचा गट 12 दिवसांसाठी इस्रायलला चालला आहे, बरोबर तीन मोठी माणसं. तुम्हाला तिला पाठवावंसं वाटतं. मिस्टरांच्या पोटात गोळा आलाय. सासूबाई म्हणतात, ती तिकडची होऊन येईल. आणि तुम्ही विचारलंय, तयारी काय करू?

गेली 22 वर्षं मी असे गट नेतोय. पाठवा की नका पाठवू, हे मी सांगणार नाही, तो घरचा निर्णय. पण पाठवणार असाल तर बॅग, व्हिसा, स्वेटर या सगळ्याच्या आधी एक काम करा. एका रविवारी तिला अलिबागजवळच्या नवगावला घेऊन जा. सासूबाईंनाही बरोबर घ्या.

हे मला सुचलं नव्हतं. दिमोनातल्या एका म्हातारीनं शिकवलं. दिमोना म्हणजे नेगेवच्या वाळवंटातलं गाव, तिथं आपल्या माणसांची वस्ती इतकी की लोक त्याला छोटा हिंदुस्थान म्हणतात. आमची सात-आठ मुलं एका घरी चहाला गेली होती. टेबलावर करंज्या आणि शेंगदाण्याच्या चवीचे ते तिथले कुरकुरे, शेजारी शेजारी. आजी गाऊनमध्ये, डोक्याला रुमाल. तिनं एका मुलीला विचारलं, "तू कुठली गं?" मुलगी म्हणाली, "ठाण्याची." "ठाणं नव्हे. गाव कुठलं?" मुलगी गप्प. आजीनं आडनाव विचारलं, मुलीनं सांगितलं. "अगं, मग हेच की तुझं गाव! आडनावातच आहे." पोरीनं खिशातून फोन काढला आणि नकाशात स्वतःचं आडनाव शोधायला लागली. आजीनं तिचा हात बाजूला केला आणि मेजपोशावर बोटानं रेघ ओढली. हा रस्ता, ही विहीर, इथं आमचा घाणा, इथून पुढं नारळाची वाडी. गाव सोडून तिला चाळीस वर्षं झाली होती. मुलीचं घर त्या गावापासून गाडीनं तीन तासांवर, आणि ती तिथं एकदाही गेली नव्हती.

पूर्वजांची भूमी बघायला आम्ही चार हजार किलोमीटर उडून आलो होतो, आणि त्या भूमीतल्या बाईनं आम्हाला रायगड जिल्ह्यात परत पाठवलं. तेव्हापासून माझ्या गटात नियम आहे: आधी नवगाव, मग जेरुसलेम.

आपल्या समाजाबाहेरचे वाचकही हे वाचतील, म्हणून दोन ओळी. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, बुडालेल्यांना तिथंच पुरलं. ते उंचवटे आणि स्मारक आजही माडांच्या सावलीत आहे. वाचलेली माणसं कोकणात पांगली, तेल गाळू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून त्यांना शनवार तेली नाव पडलं. गावांवरून आडनावं झाली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, पेझारकर, किहीमकर. पोथ्या गेल्या, हिब्रू गेली, राहिला तो शमा ही प्रार्थना, सुंता, शनिवारच्या विश्रांतीचा शब्बाथ आणि खाण्याचे नियम. डेव्हिड रहाबी नावाचा पाहुणा आला तेव्हा त्यानं बायकांपुढं मासळीचा ढीग ठेवला, म्हणे, आणि बायकांनी ज्यूंना चालणारे खवल्यांचे मासे तेवढे वेगळे काढले. ही गोष्ट मुलांना फार आवडते. वर्गात नका सांगू. अलिबागच्या बाजारात, मासळीवाल्या मावशीसमोर उभं राहून सांगा.

नवगावहून परतताना अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग, आपलं प्रार्थनाघर, दाखवा, आणि जमलं तर खंडाळ्याचा (घाटातलं नव्हे, अलिबागजवळचं गाव) तो खडक, जिथं एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या, रथाच्या खुणा आहेत असं आपल्याकडं मानतात. मुलगी कंटाळेल. कंटाळू दे. डिसेंबरात कार्मेल डोंगरावर गाईड एलियाहूची गोष्ट सांगायला लागला की तिच्या डोळ्यांसमोर खंडाळा येईल, आणि बसमधल्या बाकीच्या परदेशी मुलांकडं तो नसेल.

आता व्यवहाराचं. बरेच पालक 'बर्थराइट'शी गल्लत करतात. हिब्रूत तगलित म्हणतात ती फुकटातली दहा दिवसांची सहल 18 वर्षांच्या पुढच्यांसाठी असते. 16 वर्षांच्या मुलांचे दौरे युवक संघटना, शाळा किंवा समाजाच्या संस्था काढतात, आणि त्यात कुणी पैसे भरले, किती भरले आणि त्या बदल्यात कार्यक्रमात काय घातलं, हे बघायला हवं. आयोजकांकडून दिवसवार कार्यक्रम मागून घ्या. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत रकाने भरलेले दिसले तर समजा की तो कागद देणगीदारासाठी लिहिलाय. मुलांसाठी लिहिलेल्या कागदात मोकळ्या दुपारी असतात.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी दोन्ही पालकांच्या सहीचं संमतिपत्र लागतं, ते आत्ताच करून ठेवा. पासपोर्टवर तिथं शिक्का मारत नाहीत, एक छोटी चिठ्ठी देतात. ती हॉटेलात लागते. मुलं ती च्युइंगमच्या कागदासारखी टाकतात, म्हणून मी सगळ्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडं ठेवतो.

विमानतळावर चौकशी होते, आणि ती चिकट असते. बॅग कुणी भरली, कुणी काही दिलं का, कुठल्या सिनेगॉगला जाता, मागचा सण कुठला झाला. एका दिवाळीच्या सुट्टीत आमच्या एका मुलीला विचारलं, गेल्या महिन्यात उपास कुठला केलास? ती झटकन म्हणाली, "दारफाळणीचा." आजी घरी योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या उपासाला, हेच म्हणते. अधिकारी बाई गोंधळली, दुसरीला बोलावलं. मी पुढं होऊन अर्थ सांगेपर्यंत पोरगी रडकुंडीला आली होती. तेव्हा मुलीला दोन्ही नावं पाठ करायला लावा, घरची आणि हिब्रू. नव्याचा सण म्हणजे रोश हशाना, बिरड्याचा रोजा म्हणजे तिशा बेआव. स्वतःचं हिब्रू नाव, वडिलांचं आणि आईचंही, कागदावर लिहून द्या. पासपोर्टवरचं नाव तिथं प्रार्थनेत चालत नाही. ऐनवेळी पहाटे चारला घरी फोन करून 'बाबा, तुमचं हिब्रू नाव काय?' विचारणारी मुलं मी पाहिलीत.

थंडीला हसू नका. वाळवंट म्हणून सगळे सुती कपडे भरतात. जेरुसलेम डोंगरावर आहे, डिसेंबरात तिथं पाऊस आणि बोचरा वारा असतो. माझ्या पहिल्या गटातल्या सहा मुलांनी तिथल्या रस्त्यावर जे जाकीट मिळेल ते घेतलं आणि उरलेले दिवस पैसे नाहीत म्हणून खारे दाणे खात काढले. दिवस लहान. शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास जेरुसलेमात शब्बाथ लागतो. त्याआधीच बसेस थांबतात, दुकानं बंद होतात, आणि ज्याला मोबाईलचं रिचार्ज राहिलं तो शनिवारी अंधार पडेपर्यंत राहिला. मृत समुद्राच्या अतिखारट पाण्यात उतरायचं त्याच्या आदल्या दिवशी पाय-हात वॅक्स करू नये. हे मुलींना आईनंच सांगितलेलं बरं.

जेवणाचं म्हणाल तर पोट भरतं, जीभ रुसते. सकाळी काकडी, टोमॅटो, चीज आणि कधी खारवलेला मासा. रात्री मांसाचं जेवण झालं की दुधाचा चहा नाही, कारण कोशेर स्वयंपाकघरात दूध आणि मांस एकत्र येत नाही. आपण घरी याच नियमापायी रश्शात नारळाचं दूध घालतो, पण जेवणावर चहा पिणारी ठाण्याची पोरं हा नियम पहिल्यांदा खरा तिथं भोगतात. चौथ्या दिवशी सगळी मॅगीची नावं घेतात. रामल्याच्या बाजारात पोहे, हिंग, चिवडा मिळतो, त्यामुळं बॅगेत किराणा भरू नका.

पोह्यांवरून आठवलं. किबुत्झच्या, म्हणजे सामुदायिक वसाहतीच्या, अतिथिगृहात एकदा आमच्याबरोबर अमेरिकेतून आलेला मुलामुलींचा गट उतरला होता. जेवणाच्या टेबलावर त्यांच्यातल्या एकानं आमच्या मुलाला अगदी सहज विचारलं, "तुम्ही लोकांनी धर्म कधी बदललात?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यानं सावळा ज्यू पाहिलाच नव्हता. आमचा मुलगा लाल झाला, ताट घेऊन उठला. मी मध्ये पडलो नाही. दुसऱ्या दिवशी मुलांनीच रामल्याहून पोहे, नारळ, वेलची, सुका मेवा, पाच फळं आणली आणि संध्याकाळी मलिद्याचं, आपल्या प्रसादाचं, ताट मांडलं. वर गुलाबाचं फूल. प्रार्थना म्हणणारा हज्जान नव्हता. त्याच मुलानं 'एलियाहू हन्नबी' हे गाणं म्हटलं, चाल आपली, कोकणातली. अमेरिकेतल्या मुलांना शब्द ओळखीचे, चाल अनोळखी. त्यांनी दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. ताट मात्र पहिल्यांदाच पुसून खाल्लं.

हा प्रश्न तुमच्या मुलीलाही येणार, म्हणून घरात आधी एक जुनी गोष्ट मोकळेपणानं सांगून टाका. आपली माणसं 1948 नंतर हौसेनं गेली, आणि तिथं त्यांच्याकडं संशयानं बघितलं गेलं. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला काहीजण धरणं धरून भारतात परतही आले. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, हुकूम काढला की बेने इस्रायलांचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी कुळाची चौकशी करावी. लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेमात ठाण मांडून बसले, आणि 1964 मध्ये सरकारनं त्यांना सर्व बाबतींत ज्यू म्हणून मान्यता जाहीर केली. आपल्याकडची मोठी माणसं हे सांगायला लाजतात. नका लाजू. तिकडच्या मावशी-काकांनी हे सोसूनही घर मांडलं, मराठीत 'मायबोली' नावाचं नियतकालिक काढलं, अजून महाराष्ट्र दिन साजरा करतात. कौतुक करायचं तर या चिवटपणाचं करा. पोस्टकार्डावरचा देश कुणीही दाखवतं.

याद वाशेमबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण तिथं गट बिघडतात. नाझींनी मारलेल्या ज्यूंचं हे स्मारक. त्यात मुलांसाठी वेगळं दालन आहे, अंधारं. मोजक्या मेणबत्त्या आरशांत प्रतिबिंबित होऊन हजारो होतात, आणि एक आवाज एकेका मुलाचं नाव, वय, देश वाचत राहतो. आपली मुलं बाहेर येऊन म्हणतात, "सर, मला रडू आलं नाही, मी वाईट आहे का?" त्यांचं बरोबर असतं. आपल्या घरात ती जखम नाही, भारतात शतकानुशतकं आपल्याला कुणी छळलं नाही. उधार दुःख मागू नये. म्हणून त्या दुपारी मी काही ठेवत नाही. आयोजकांनी त्याच दिवशी संध्याकाळी बाजार आणि डिस्को ठेवला असेल तर बदलायला सांगा.

आणि मी दुसऱ्या दिवशी मुलांना हैफाच्या दक्षिणेला अतलितला नेतो. बहुतेक गट तिथं जात नाहीत. ब्रिटिशांची ती छावणी: बराकी, काटेरी तार, जंतुनाशकाच्या वाफेच्या खोल्या. 18 फेब्रुवारी 1943 ला तिथं 700 हून जास्त मुलं पोचली. 'तेहरानची मुलं' म्हणतात त्यांना. पोलंडमधून पळालेली, बरीचशी अनाथ, सोव्हिएत मुलखातून इराणात आलेली. इराकनं जमिनीवरून वाट दिली नाही, म्हणून त्यांना जहाजानं कराचीला, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानात आणलं, तिथून समुद्रमार्गे सुएझला आणि मग आगगाडीनं अतलितला. मी मुलांना एवढंच सांगतो: तीही एकत्र निघालेली तुमच्या वयाची पोरं होती, आई-बापांशिवाय, आणि वाटेत त्यांनी आपल्याच किनाऱ्यावर पाय टेकला होता. मग अर्धा तास मी बोलत नाही. बराकीत मुलं आपसांत काय बोलतात ते ऐकायलाही जात नाही.

आता मिस्टरांची धास्ती. ती खोटी नाही. 2012 च्या दिवाळीत आम्ही जेरुसलेमात होतो. शुक्रवारची संध्याकाळ. तिथं शब्बाथ लागताना शहरभर भोंगा होतो, तो होऊन गेला होता, मुलं अंघोळी करून पांढरे कपडे घालत होती. पुन्हा भोंगा झाला. एक मुलगा म्हणाला, "आज दोन शब्बाथ का?" हा भोंगा खालीवर होत होता. गाझातून रॉकेट सुटलं होतं. हॉटेलच्या माणसानं आम्हाला जिन्यातून खाली नेलं, ओल्या केसांनी, अनवाणी. दहा मिनिटं बसलो. नंतर मुलांनी जेवण केलं, आणि मी स्वच्छतागृहात जाऊन ओकलो. दोन दिवसांत कार्यक्रम बदलून उत्तरेला गेलो.

त्या अनुभवावरून सांगतो, आयोजकांना हे विचारा. गटाबरोबर शस्त्रधारी रक्षक आणि प्रथमोपचार जाणणारा माणूस असेल का? मार्ग बदलायचा अधिकार कुणाला, इथल्या समितीला की तिथल्या सुरक्षा कक्षाला? (तिथल्या. दुसरं उत्तर आलं तर पाठवू नका.) दौरा आदल्या आठवड्यात रद्द झाला तर पैसे किती परत, हे लेखी आहे का? मुक्काम कुठल्या पट्ट्यात? इशारा झाल्यावर आडोशाला पोचायला जेरुसलेमात साधारण दीड मिनिट मिळतं, गाझाच्या सीमेलगत 15 सेकंद. एकदा एका समितीनं मला सांगितलं होतं, "विमा वगैरे बघू नंतर." मी तो गट नेला नाही. वर्षभर माझ्याशी कुणी बोललं नाही, ते चाललं.

तुमच्यासाठीही नियम आहे. बातमी दिसली की मुलीला फोन करायचा नाही. गटप्रमुख तासाभरात सगळ्या पालकांना एकच निरोप पाठवेल. 18 आया एकदम फोन करतात तेव्हा मुलं आडोशाला जायच्याऐवजी फोन उचलतात.

एक गोष्ट आयोजक सहसा बोलत नाहीत. ज्या लोद-रामल्यात आपले नातेवाईक राहतात, तिथून जुलै 1948 मध्ये हजारो अरबांना घरं सोडावी लागली. बसचा ड्रायव्हर अरब असू शकतो, हॉटेलातला वाढपीही. पूर्वजांची भूमी हे शब्द तिथं एकाच्याच तोंडी नसतात. मुलगी विचारेल, इस्रायली आणि पॅलेस्टिनी वस्त्यांमधली ही भिंत कशाला? तिला गप्प करणारा गटप्रमुख मला आवडत नाही, आणि दहा मिनिटांत निकाल देणाराही नाही. मी जुन्या जेरुसलेमात हेरोद दरवाजाजवळच्या हिंदी धर्मशाळेवरून मुलांना नेतो. बाबा फरीद तिथं राहिले असं मानतात, भारतीय मुसलमान यात्रेकरू शतकानुशतकं तिथं उतरत आले, आणि ती आजही भारतीय मूळ असलेल्या कुटुंबाकडं आहे. मुलांना ती पाटी वाचून भलतंच घरच्यासारखं वाटतं.

सासूबाईंच्या शंकेचं उत्तर शेवटी. हो, काही मुलं तिकडची होतात. बसथांब्यावर मांडीवर बंदूक आणि हातात आईस्क्रीम घेतलेली 19 वर्षांची मुलगी बघून ठाण्याची मुलगी भारावते, हे मी दर वर्षी पाहतो. परत आल्यावर पहिला महिना 'मी जाणार' चालतं. त्याला हो-नाही काही म्हणू नका. तिथं गेल्यावर सैन्यभरती सक्तीची आहे, भाषा पहिल्यापासून शिकायची आहे, हे तिचं तिला कळेल. आणि खरंच गेली, तर जाणारी ती आपल्या घरातली पहिली नसेल. 1951 च्या आसपास भारतात वीस हजारांहून जास्त ज्यू होते, आता चार-पाच हजार उरलेत. सासूबाईंची स्वतःची भावंडं किती तिकडं आहेत, विचारा त्यांना.

तर त्यांनाच कामाला लावा. निघायच्या आधी त्यांच्याकडून एक कागद लिहून घ्या: तिकडं कोण कोण आहे, कुठल्या गावात, लहानपणी कोकणातल्या कुठल्या घरात राहायचे, घरासमोर काय होतं. पत्ते नसले तरी चालेल. दिमोना, रामले, लोद, अश्दोद, बीरशेबा यातलं नुसतं गाव कळलं तरी आमचे लोक अर्ध्या दिवसात माणूस शोधून काढतात.

नवगावला जाताना गेटवेहून मांडव्याची बोट घ्या, पावसाळा संपून ती सुरू झाली की लगेच. मांडव्याहून रिक्षा ठरवताना येण्याजाण्याचे पैसे आधीच बोलून घ्या. शनिवारी नको, आणि सासूबाईंसाठी घडीची खुर्ची न्या. तिथं बसायला काही नाही.